डोरियनचा मे महिना : स्थलांतरित पक्षी, जांभळे स्फटिक आणि सुपीरियर सरोवर

उत्तरकाठ (धागालेखन)

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात, थंडर बे शहरापासून पूर्वेकडे साधारण 70 किलोमीटरवर, महामार्गालगत डोरियन नावाचे तीनचारशे वस्तीचे गाव आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात येथे पक्ष्यांचा महोत्सव भरतो. तज्ज्ञांसोबत पहाटेच्या पायी फेऱ्या होतात आणि दिवसा पाहुणे आसपासच्या दऱ्या, दलदली व जंगलवाटा पालथ्या घालतात. याच परिसरात अ‍ॅमेथिस्टच्या, म्हणजे जांभळ्या स्फटिकांच्या, उघड्या खाणी आहेत. हिवाळ्यात बर्फाखाली बंद असलेल्या या खाणी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाहुण्यांसाठी खुल्या असतात. त्यामुळे दुर्बीण गळ्यात अडकवून आलेला माणूस दुपारी हातोडी घेऊन दगडांच्या ढिगाऱ्यात बसलेला दिसतो.

वरवर पाहता ही जोडी पर्यटनाच्या सोयीसाठी जुळवलेली वाटते. गावाकडे दाखवण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, त्या एका पत्रकात छापल्या, असा समज सहज होतो. माझे म्हणणे वेगळे आहे. येथे पक्षी का थांबतात आणि येथे स्फटिक का सापडतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधत गेले की आपण सुपीरियर सरोवराच्या खोलगट भांड्यापाशी येऊन पोहोचतो, आणि ते भांडे ज्या भूवैज्ञानिक घटनेने घडले तीच घटना स्फटिकांच्याही मुळाशी आहे.

सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागले होते. ही फाट पूर्ण झाली असती तर येथे महासागर तयार झाला असता. परंतु ती अर्ध्यावर थांबली, प्रचंड लाव्हा बाहेर पडला, त्याच्या भाराने मधला भाग खचला आणि एक विस्तीर्ण खचदरी मागे राहिली. पुढे हिमयुगातील हिमनद्यांनी तीच जागा कोरून आणखी खोल केली आणि बर्फ वितळल्यावर तेथे पाणी साठले. आजचे सुपीरियर सरोवर 82,000 चौरस किलोमीटरांहून मोठे आणि कमाल 406 मीटर खोल आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेत हा थंडगार पाण्याचा पट्टा आडवा येतो, तर त्याच्या उत्तर काठावरील खडकांच्या भेगांत जांभळे स्फटिक आहेत.

पक्ष्यांची आणि खडकांची सविस्तर माहिती येथील जाणकारांनी द्यावी, अशी विनंती आहे. महाराष्ट्रात अशी एखादी जोडी कोणाला सुचते का, तेही वाचायला आवडेल.

---

स्फटिकवेडा

धाग्याबद्दल आभार. खडकांची बाजू मी मांडतो.

अ‍ॅमेथिस्ट म्हणजे मुळात क्वार्ट्‌झ, आपल्याकडील गारेचाच भाईबंद. फरक एवढाच, की त्याच्या जाळीत लोहाचे अत्यल्प अणू शिरलेले असतात आणि आसपासच्या खडकांतून, विशेषतः ग्रॅनाइटमधून, होणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे त्या लोहाची अवस्था बदलून जांभळा रंग येतो. थंडर बेच्या परिसरात यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आल्या. खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट होता, त्यावर पुढच्या काळातील गाळाचे खडक होते आणि खचदरीच्या हालचालींशी निगडित असे प्रस्तरभंग दोहोंना चिरत गेले होते. त्या भेगांतून सिलिकायुक्त उष्ण, खारे पाणी फिरले आणि ज्या ठिकाणी पोकळी मिळाली तेथे स्फटिक वाढले. म्हणून येथील स्फटिक शिरांमध्ये आणि भेगांच्या भिंतींवर सापडतात, ब्राझील किंवा उरुग्वेमधील बसाल्टच्या गोलसर पोकळ्यांसारखे नव्हे.

या भागातील स्फटिकांची खास ओळख म्हणजे त्यांच्या टोकांशी दिसणारी लालसर तपकिरी छटा. ती हेमॅटाइट या लोहखनिजाच्या सूक्ष्म कणांमुळे येते. रत्न म्हणून पैलू पाडण्यासाठी तो दोष मानला जाऊ शकतो, पण संग्राहक नेमके तेच नमुने शोधत येतात, कारण लाल टोकाचा दगड पाहताच तो कोठला हे जाणकाराला ओळखता येते.

सर्वांत मोठ्या खाणीचा शोध 1955 मध्ये लागला, तोही खाणीच्या शोधात असलेल्यांना नव्हे. वणव्यावर नजर ठेवण्यासाठी उभारलेल्या मनोऱ्याकडे रस्ता करत असताना डोंगरात जांभळी शीर उघडी पडली. 1975 मध्ये ऑन्टारिओने अ‍ॅमेथिस्टला प्रांताचे अधिकृत खनिज म्हणून मान्यता दिली. आजही खाणकाम उघड्या खड्ड्यातच चालते. पाहुणे ठरवून दिलेल्या ढिगाऱ्यात स्वतः शोधाशोध करतात आणि मिळालेला माल वजनावर पैसे देऊन घेऊन जातात.

नमुना आणणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना: तो उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. दीर्घकाळ कडक ऊन लागले तर जांभळा रंग फिकट होतो, आणि भट्टीत तापवला तर पिवळाही होतो. बाजारात ‘सिट्रिन’ म्हणून विकला जाणारा बराचसा माल तापवलेला अ‍ॅमेथिस्टच असतो, पण तो विषय वेगळा आहे.

---

पाणथळ

पक्ष्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘सरोवर आडवे येते म्हणून पक्षी थांबतात’ हे वाक्य बरोबर असले तरी सर्व पक्ष्यांना सारखे लागू होत नाही.

बाज, ससाणे, गरुड यांच्यासारख्या शिकारी पक्ष्यांपैकी जे उबदार हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर तरंगत प्रवास करतात, त्यांना मोठ्या थंड जलाशयावरून जाणे अवघड असते, कारण थंड पाण्यावर असे झोत तयारच होत नाहीत. ते काठाकाठाने वळसा घालतात. सरोवराच्या पश्चिम टोकाला अमेरिकेतील डुलुथ येथे शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांची जी प्रचंड गर्दी दिसते, तिचे कारण हेच आहे.

लहान गाणारे पक्षी रात्री उडतात आणि त्यांच्यापैकी अनेक जण पाण्यावरून थेट येतात. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढून उत्तरेच्या सूचिपर्णी अरण्यात घरटी करण्यासाठी निघालेले हे वॉर्ब्लर जेमतेम दहाबारा ग्रॅम वजनाचे असतात. पहाटेच्या सुमारास पाण्यावर असताना धुके किंवा उलटा वारा लागला, तर समोर दिसेल त्या पहिल्या जमिनीवर त्यांना उतरावे लागते. थंडर बेच्या पूर्वेचे सिब्ली द्वीपकल्प सरोवरात दूरवर शिरलेले असल्याने ती पहिली जमीन पुष्कळदा त्याचेच टोक असते. तेथे थंडर केप पक्षी वेधशाळा 1991 पासून काम करते आहे. गाडीने तेथे पोहोचता येत नाही. बोटीने जावे लागते किंवा जंगलातून लांबची पायपीट करावी लागते. बारीक धाग्यांच्या जाळ्यांत अलगद अडकलेले पक्षी मोजून, वजन करून, पायात क्रमांकाची कडी घालून सोडले जातात. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, दरवर्षी केलेल्या या नोंदींचे मोल फार मोठे आहे, कारण सूचिपर्णी अरण्याच्या आतल्या भागात माणसांची वस्ती आणि रस्ते इतके विरळ आहेत की घरट्यांच्या हंगामात तेथील पक्ष्यांची गणना करणे जवळपास अशक्य असते. वाटेवर मोजणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग उरतो.

डोरियन हे टोकावर नाही. सिब्ली द्वीपकल्पाच्या पूर्वेला ‘ब्लॅक बे’ नावाचा उपसागर आहे, त्याच्या वरच्या अंगाला ते येते. तेथील हर्केट कोव्ह ही उथळ, गवताळ दलदल बदके, चिखलात चरणारे पक्षी आणि क्रौंच यांना सोयीची आहे. म्हणजे एका दिवसात माणसाला दलदल, जंगल आणि कडा असे तीन अधिवास पाहता येतात. या भागात महोत्सव भरवण्याचे खरे कारण मला यात दिसते.

कड्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. डीडीटी या कीटकनाशकाच्या वापरामुळे बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटू लागली आणि 1960 च्या दशकापर्यंत हा पक्षी ऑन्टारिओतून घरटी करणारा म्हणून नाहीसा झाला होता. पुढे थंडर बे परिसरात पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले कड्यांवरून सोडण्यात आली आणि आज सरोवरालगतच्या कड्यांवर ससाणे पुन्हा घरटी करतात. हे कडे कोणत्या खडकाचे आहेत, हे स्फटिकवेडा सांगू शकतील काय?

---

स्फटिकवेडा

कडे डायाबेसचे आहेत. खचदरीच्याच काळात शिलारस गाळाच्या थरांमध्ये आडवा घुसून थिजला आणि त्याच्या जाड चादरी तयार झाल्या. वरचे मऊ थर झिजून गेल्यावर या चादरी सपाट माथ्याच्या, उभ्या कडांच्या डोंगरांच्या रूपात उघड्या पडल्या. आपल्या सह्याद्रीतील कातळकड्यांची सवय असलेल्या माणसाला तेथे ओळखीचे वाटते, मात्र हा खडक दख्खनच्या बसाल्टपेक्षा सोळापट तरी जुना आहे.

डोरियनजवळची विमे दरी याच खडकात आहे. ती सुमारे 100 मीटर खोल, 150 मीटर रुंद आणि दोन किलोमीटर लांब आहे. तिच्या तळाशी ऊन इतके कमी पोहोचते आणि थंडी इतकी टिकते, की एरवी शेकडो किलोमीटर उत्तरेला वाढणाऱ्या आर्क्टिक वनस्पती तेथे तग धरून आहेत. म्हणून तळाशी उतरण्यास बंदी आहे. वरच्या कठड्यावरूनच पाहावे लागते.

तेव्हा उत्तरकाठ यांच्या मुद्द्यात ही भर घालावी: स्फटिकांच्या भेगा, पक्ष्यांना अडवणारे पाणी आणि ससाण्यांचे कडे हा सगळा एकाच खचदरीचा वारसा आहे.

---

प्रतिवाद

माहिती उत्तम आहे, पण या मांडणीतील ‘वारसा’ या भागाबद्दल माझी हरकत आहे. खडक 110 कोटी वर्षांचा असेल, पण खाण माणसांची असते आणि त्या माणसांचा उल्लेख वरच्या एकाही प्रतिसादात नाही.

सुपीरियरच्या उत्तर काठावर अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे, लोक पिढ्यानपिढ्या राहत आले. 1840 च्या दशकात वसाहतीच्या सरकारने त्यांना न विचारता खाणींचे परवाने वाटायला सुरुवात केली. 1849 मध्ये सरोवराच्या पूर्व काठावरील मायका बे येथील खाणीवर ओजिब्वे आणि मेटी (मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांनी चाल करून ती बंद पाडली, आणि त्यानंतर 1850 मध्ये रॉबिन्सन-सुपीरियर करार झाला. जमिनीच्या मोबदल्यात वार्षिक रक्कम द्यायची आणि जमिनीपासून मिळणारे उत्पन्न वाढले तर ती रक्कमही वाढवायची, असे त्यात ठरले होते. 1875 मध्ये ही रक्कम माणशी 4 डॉलर झाली आणि तेथेच गोठली. जंगल, खनिजे आणि जमीन यांतून अफाट संपत्ती निघाली तरी आकडा हलला नाही. अखेर 2024 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारने कराराचा भंग केल्याचे स्पष्टपणे म्हटले.

आता सिल्व्हर आयलेटचे उदाहरण घ्या. सिब्ली द्वीपकल्पाच्या टोकाशी पाण्यातून डोके वर काढणाऱ्या एका लहानशा खडकावर 1868 मध्ये चांदीची शीर सापडली. लाटा थोपवण्यासाठी खडकाभोवती लाकडी तटबंदी आणि भराव घालून तो कितीतरी पट मोठा करण्यात आला, सरोवराच्या तळाखाली 380 मीटरांहून खोल खाण नेण्यात आली आणि 30 लाख डॉलरांहून अधिक किमतीची चांदी काढण्यात आली. 1883 च्या हिवाळ्यापूर्वी येणारे कोळशाचे जहाज पोहोचलेच नाही, पाणी उपसणारे पंप थांबले आणि 1884 मध्ये खाण बुडाली. पर्यटकांना ही गोष्ट साहसकथा म्हणून सांगितली जाते. तिच्या शेजारीच नानाबिजू या महाकाय पुरुषाची कथाही सांगितली जाते: चांदीचे रहस्य गोऱ्यांना कळले म्हणून तो दगड झाला आणि आजही निजलेल्या माणसाच्या आकारात सरोवरात पडून आहे. कथा सर्वांना आवडते, करार मात्र कोणाला आठवत नाही. महोत्सवाला खाणकामाचा वारसा साजरा करायचा असेल, तर त्याने दोन्ही सांगितले पाहिजे.

---

उत्तरकाठ

प्रतिवाद यांची हरकत मला मान्य आहे, आणि ती धाग्याला पूरकच आहे. फक्त एक फरक नोंदवतो. चांदीची खाण आणि अ‍ॅमेथिस्टची खाण यांचे प्रमाण अगदी वेगळे आहे. अ‍ॅमेथिस्टच्या खाणी म्हणजे काही यंत्रे, काही माणसे आणि उन्हाळ्यातील पाहुण्यांवर चालणारा छोटा व्यवसाय. धातू गाळण्यासाठी लागणारी रसायने तेथे वापरावी लागत नाहीत. त्यामुळे पक्ष्यांच्या महोत्सवाशेजारी या खाणी नांदू शकतात. मोठी धातूची खाण असती तर हा प्रश्न फार कठीण झाला असता. परंतु दोन्हींच्या मुळाशी असलेली जमीन त्याच कराराखालची आहे, हे खरेच.

मला असेही वाटते, की पक्षी-महोत्सवांना या बाबतीत एक सोय असते. पक्षी कोणाच्याही मालकीचे नसल्यामुळे तेथे भांडण कमी आणि कौतुक अधिक होते. दगड आले की मालकी आली. म्हणून महोत्सवात दगड आणणे जोखमीचे आहे आणि त्याच कारणाने ते आणले पाहिजेत, अशा मताचा मी आहे.

---

सिन्नरचा वाटसरू

धाग्याच्या शेवटी महाराष्ट्रातील जोडीबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर आमच्या नाशिक जिल्ह्यात आहे. सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे आणि तेथून तासाभराच्या अंतरावर, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटे व दलदल तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याच जागेची नोंद झाली. हिवाळ्यात तलवार बदके, थापट्या, चक्रवाक आणि पट्टकादंब येथे दिसतात. मंगोलियात गळपट्टे बसवलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा येथे उतरणारा पक्षी हिमालय ओलांडून आलेला असतो हे ध्यानात घ्यावे.

संग्रहालयातील स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्कोलेसाइट ही खनिजे दख्खनच्या बसाल्टमधील पोकळ्यांत वाढलेली आहेत. जांभळे स्फटिकही आपल्याकडील काही खाणींत मिळतात. दगडांची आणि पक्ष्यांची सांगड घालायची तर येथेही घालता येते: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट झाला, त्याच्या पोकळ्यांत खनिजे वाढली, तोच बसाल्ट झिजून काळी माती झाली आणि ती माती पुरासोबत वाहत येऊन बंधाऱ्यात साचली. बदके ज्या चिखलात चोची घालतात तो विरघळलेला सह्याद्रीच आहे.

मात्र दोन अडचणी दिसतात. पहिली म्हणजे ऋतू. डोरियनला वसंतात पक्षी येतात. आमच्याकडे फाल्गुन लागला की ते निघू लागतात. वसंतोत्सव ठेवला तर तो पाहुण्यांना निरोप देण्याचा होईल. दुसरी म्हणजे, आमच्याकडे खनिजांसाठी म्हणून चालवलेली खाण जवळपास नसतेच. खडीसाठी सुरुंग लावताना किंवा विहीर खोदताना एखादी पोकळी फुटते आणि आत चमकणारे झुंबर दिसते. ते वेळीच कोणाच्या नजरेला पडले तर वाचते, नाहीतर क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते.

---

प्रतिवाद

दुसऱ्या अडचणीतच खरा वारसा आहे, असे मी म्हणेन. महाराष्ट्रात दगड फोडण्याचे काम पिढ्यानपिढ्या वडार समाजाने केले. विहिरी, बंधारे, घाट, रस्ते यांच्यामागे त्यांचे हात आहेत. परदेशी संग्रहांत पोहोचलेल्या कित्येक नमुन्यांना सर्वांत आधी पाहणारे डोळे अशाच एखाद्या खाणमजुराचे असणार, पण नमुन्याखालील पाटीवर खनिजाचे आणि गावाचे नाव असते, माणसाचे नसते. नाशिकला असा उपक्रम झालाच तर तेथून सुरुवात करावी.

---

पाणथळ

ऋतूबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. निरोपाचा काळही पाहण्यासारखा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला बदकांचे थवे एकत्र जमू लागतात, नरांची पिसे प्रजननकाळासाठी उजळलेली असतात आणि त्यामुळे नवख्या माणसालाही जाती ओळखणे सोपे जाते. त्याउलट नोव्हेंबरात आलेली बदके पुष्कळदा मळकट दिसतात. शिवाय मार्चमध्ये पाणी उतरलेले असल्याने चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि उत्तरेकडे निघालेले तुतवार तेथे चरताना जवळून दिसतात. गर्दीचे नियोजन मात्र काटेकोर हवे. प्रवासापूर्वी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना वारंवार उडवणे म्हणजे त्यांची शिदोरी हिसकावणे होय. डोरियनमध्ये लहान गट आणि ठरलेल्या वाटा चालतात, कारण मुळात माणसेच कमी असतात. नांदूरला रविवारी काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

---

उत्तरकाठ

पाणथळ आणि सिन्नरचा वाटसरू यांच्या सूचना एकत्र केल्या तर नाशिकसाठी एक आराखडा दिसू लागतो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळी मर्यादित गटांत बंधाऱ्यावर पक्षीनिरीक्षण, आणि दुपारी सिन्नरला खनिजे. दुपारच्या भागात एखाद्या जुन्या खाणकामगाराने पोकळी कशी ओळखायची, सुरुंगाआधी दगडाचा आवाज कसा ऐकायचा आणि झुंबर न मोडता कसे सोडवायचे, हे स्वतः सांगावे आणि त्याला इतर तज्ज्ञांइतकेच मानधन मिळावे. प्रतिवाद यांनी मांडलेल्या मुद्द्याला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही.

डोरियनला येऊ इच्छिणाऱ्यांपैकी काहींनी व्यक्तिगत संदेशातून विचारणा केली आहे, म्हणून येथेच लिहितो. मेच्या अखेरीसही सरोवरावरून येणारा वारा बोचरा असतो, तेव्हा लोकरीचे कपडे सोबत ठेवावेत. जून उजाडला की काळ्या माश्या आणि डास असह्य होतात. पाने पूर्ण फुटण्यापूर्वीचे मेमधले शेवटचे दिवस वॉर्ब्लर पाहण्यासाठी सर्वांत चांगले, कारण नंतर आवाज ऐकू येतो आणि पक्षी दिसत नाही. खाणीत जाताना जाड तळाचे बूट, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. फुटलेल्या क्वार्ट्‌झची धार काचेसारखी असते. दलदलीची फेरी आधी ठेवावी आणि खाण दुपारी, ढिगाऱ्यावर ऊन आल्यावर, कारण ओल्या मातीने माखलेला जांभळा दगड सावलीत साध्या दगडापासून वेगळा काढता येत नाही.